सतत त्रास देणारं मूल, सतत सोसणारं मूल: शाळेनं काय करायचं, कोणत्या क्रमानं

एकाच मुलाबद्दल तिसऱ्यांदा तक्रार आली की शाळेत सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर शिक्षा वाढत जाते: वर्गाबाहेर उभं करणं, पालकांना बोलावणं, मग दाखला हातात देण्याची धमकी. नाहीतर "लहान आहेत, समज दिली" म्हणून विषय मिटतो. दोन्हींत त्रास सोसणारं मूल दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, त्याच जिन्यात, त्याच व्हॅनमध्ये असतं.

'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' हा शब्द आता शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ऐकू येतो. अर्थ असा: मुलाच्या वागण्यामागे मनावर बसलेला घाव असू शकतो हे धरून शाळेनं आपली शिस्त आखायची, आणि त्या शिस्तीतून नवा घाव होऊ द्यायचा नाही. याचा अर्थ 'त्याच्या घरी भानगडी आहेत, जाऊ द्या' असा लावला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं. कारण समजून घ्यायचं, वागणं मात्र चालवून घ्यायचं नाही. घाव दोघांनाही असू शकतो. पण आज ज्याला मार किंवा टोमणे बसतायत, त्याचा नंबर पहिला.

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांत नव्यानं रुजू झालेले वर्गशिक्षक, पर्यवेक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे नवे सदस्य यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पालकांनी वाचलं तर शाळेकडे नेमकं काय मागायचं हे कळेल.

आधी हाताशी काय हवं

- घटना नोंदवही. पानांवर क्रमांक घातलेली, कुलपात ठेवायची. मुलांची नावं न लिहिता हजेरी क्रमांक लिहा.
- शाळेचा साधा नकाशा, हातानं काढलेला चालेल: जिने, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, मैदानाचे कोपरे, फाटक.
- मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना कोण कुठे उभं राहतं याचा तक्ता.
- दोन्ही मुलांचा गेल्या तीन महिन्यांचा हजेरीपट.
- सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी, तक्रार पेटी उघडल्याची नोंद.
- हे क्रमांक स्टाफरूममध्ये दिसतील असे: बालकांसाठी १०९८, पोलीस ११२, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.

१. भांडण आहे की छळ, हे आधी ठरवा

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेयस यांनी दिलेल्या तीन खुणा अजूनही सगळ्यात कामाच्या आहेत. त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ताकद म्हणजे दंडाचीच नव्हे. वर्गात मित्र किती, इंग्रजी कोणाला येतं, फी कोण भरतं आणि कोण शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांच्या कोट्यातून आलंय, सरांच्या जवळचं कोण, हेही ताकदीचेच भाग.

आपल्याकडे हा फरक कुठे दिसतो? अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीतल्या हिंदी बोलणाऱ्या मुलाला 'भैय्या' म्हणण्यात. पेठ-सुरगाण्याहून शहरात आलेल्या मुलाच्या बोलीची नक्कल करण्यात. मुलीच्या रंगावरून पडलेल्या टोपणनावात, जे पुढे शिक्षकही सहज वापरू लागतात. हे शेवटचं तुमच्या शाळेत होत असेल तर आधी स्टाफरूममध्ये थांबवा. ते चालू असेपर्यंत पुढच्या एकाही पायरीचा उपयोग नाही.

बरोबरीच्या दोघांत खेळावरून झालेली मारामारी वेगळ्या पद्धतीनं हाताळायची. तिला छळ म्हणू नका आणि छळाला भांडण म्हणू नका. 'टाळी एका हातानं वाजत नाही' हे वाक्य शाळेत बंद.

२. त्याच दिवशी: सोसणाऱ्या मुलाभोवती कुंपण

चौकशी पूर्ण व्हायची वाट पाहू नका. शाळा सुटण्याआधी चार गोष्टी झाल्या पाहिजेत.

पहिली, जागा. त्रास देणाऱ्याची जागा बदला, सोसणाऱ्याची नाही. बाक, तुकडी, व्हॅनमधली सीट, प्रयोगशाळेतला गट, सगळीकडे हाच नियम. 'तिलाच ब तुकडीत टाकू, प्रश्न मिटेल' हा सर्रास होणारा घोटाळा आहे. त्यातून मुलीला कळतं की तोंड उघडलं की आपल्यालाच हलवतात, आणि बाकी वर्गालाही तेच कळतं.

दुसरी, एक मोठं माणूस. मुलानं स्वतः निवडलेलं. ते वर्गशिक्षकच असलं पाहिजे असं नाही; ग्रंथपाल, पीटीचे सर, शिपाई मामा, खिचडी वाढणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. त्या माणसानं रोज एकदा, दोन मिनिटं, इतरांच्या लक्षात येणार नाही असं भेटायचं. "आज कसं गेलं?" एवढं पुरे.

तिसरी, मोकळ्या वेळा. त्रास तासाला कमी आणि दोन तासांच्या फटीत जास्त होतो. तास संपून पुढचे शिक्षक येईपर्यंतची चार मिनिटं, स्वच्छतागृह, डबा खाऊन झाल्यावरचा रिकामा वेळ, शाळा सुटून व्हॅन भरेपर्यंतचा पाव तास. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं आत येतं, त्या वेळी फाटकावर दोन्हीकडची मुलं एकत्र असतात आणि लक्ष कुणाचंच नसतं. या प्रत्येक फटीपुढे एका माणसाचं नाव लिहा. 'सर्व शिक्षकांनी लक्ष ठेवावे' असं लिहिलं तर कुणीच ठेवत नाही. मूल सिटीलिंकच्या बसनं किंवा पायी जात असेल तर थांब्यापर्यंतचा रस्ता त्यात धरा.

चौथी, घरी फोन. मूल घरी पोचायच्या आधी. काय झालं, आज शाळेनं काय केलं, उद्या काय करणार, ही तीन वाक्यं. 'तुमचा मुलगा जरा हळवा आहे' हे चौथं वाक्य बोलायचं नाही.

३. आधी शांत करा, मग विचारा

घाबरलेलं किंवा चवताळलेलं मूल नीट ऐकत नाही, नीट आठवत नाही आणि खोटंही पटकन बोलतं. तो त्याचा उद्धटपणा नसतो. त्या क्षणी शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत असतं. म्हणून क्रम ठरलेला: शरीर शांत होऊ द्या, मग आपुलकीचं काही बोला, मग प्रश्न.

दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा. पाणी द्या. किमान २० मिनिटं जाऊ द्या. खुर्ची दाराजवळ ठेवा, दार अर्धं उघडं. समोर एकच मोठं माणूस. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पाच शिक्षक गोल उभे आणि मध्ये मूल, असं चित्र असेल तर मिळालेला जबाब रद्दीत टाकण्याच्या लायकीचा.

"का केलंस?" विचारू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलाला याचं उत्तर बहुधा माहीत नसतं. "आधी काय झालं? मग तू काय केलंस? मग तो काय म्हणाला?" असं विचारा. सोसणाऱ्या मुलाकडून हकिगत एकदाच घ्या आणि तेव्हाच लिहून ठेवा. वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक अशी तीनदा सांगायला लावणं हाही छळाचाच एक हप्ता होतो.

४. नोंद अशी लिहा की नमुना दिसेल

'दंगा केला', 'गैरवर्तन' असे शब्द नोंदीत नकोत. नोंद अशी हवी:

"मंगळवार, मधली सुट्टी संपताना, दुसऱ्या मजल्याचा जिना. क्र. १४ आणि क्र. ३१ यांनी क्र. २२ चा डबा वर धरला. 'ए भैय्या, गावाला जा' असं तीनदा. बाजूला पाच मुलं, तीन हसत होती, एक निघून गेलं, एकानं 'दे ना रे' म्हटलं. शिक्षक चार मिनिटांनी आले."

बघ्यांची नोंद का? फिनलंडच्या शाळांमधला 'किवा' हा छळ रोखण्याचा उपक्रम याच पायावर उभा आहे. छळ करणारा बहुतेक वेळा प्रेक्षकांसाठी करतो. हसणारे कमी झाले की त्यातला फायदा संपतो. नोंदीतलं 'दे ना रे' म्हणणारं मूल तुमच्या सगळ्यात कामाचं. त्याला खाजगीत शाबासकी द्या, वर्गासमोर नको.

दोन आठवड्यांच्या नोंदी नकाशावर ठिपक्यांनी मांडा. ठिपके सहसा एक-दोन जागी गोळा होतात.

५. शाळेच्या अधिकाराबाहेर काय जातं

समुपदेशन, योजना वगैरे सगळं खरं, पण काही प्रकारांत शाळेला निवड नसते.

- लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, कपडे ओढणं, तसे फोटो किंवा व्हिडिओ: पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. करणारा अल्पवयीन असला तरी. आधी 'अंतर्गत चौकशी' करत बसू नका. तो व्हिडिओ पुरावा म्हणून स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. मोबाइल बंद करून जपून ठेवा, पोलिसांकडे द्या.
- जातीवरून अपमान: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ चा विषय होऊ शकतो. 'मुलांमुलांतलं' म्हणून झाकू नका.
- वसतिगृहात किंवा निवासी शाळेत मोठ्यांनी लहानांना छळणं: महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथे मूल संध्याकाळी घरी जात नाही. त्रास देणारा आणि सोसणारा एकाच खोलीत झोपत असतील तर दुसऱ्या पायरीतलं कुंपण रात्रीसाठी हवं.
- स्वतःला इजा करून घेण्याची भाषा: त्याच दिवशी पालक आणि मानसोपचारतज्ज्ञ. मूल एकटं सोडायचं नाही.

त्रास देणारं मूलही कायद्यानं बालकच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ त्याला लागू होतो. दोघांपैकी कुणाचंही नाव पालकांच्या ग्रुपवर जाता कामा नये.

६. त्रास देणाऱ्या मुलाकडे नीट बघा

इथे नवखे शिक्षक दोन टोकांना जातात. एकाला ते मूल 'गुंड' दिसतं, दुसऱ्याला 'बिचारं'. प्रत्येक त्रास देणारं मूल मनातून घायाळ असतं असं नाही. काही मुलं अगदी मजेत असतात, वर्गात लाडकी असतात, आणि त्रास देऊन आपलं वजन टिकवतात. तिथे दुःख शोधत बसलात तर तुमचाच वेळ जाईल.

म्हणून प्रश्न हा ठेवा: या वागण्यातून त्याला मिळतं काय? ढोबळ उत्तरं चार.

*वजन.* वर्ग हसतो, मान मिळतो. उपाय प्रेक्षकांवर आणि देखरेखीवर. त्याला जबाबदारीचं काम द्या, पण ज्यात इतरांवर हुकूम चालवता येईल असं नको. अशा मुलाला मॉनिटर करणं ही जुनी युक्ती आहे आणि ती साफ चुकीची आहे.

*सुटका.* वाचन येत नाही, तास सुरू झाला की काहीतरी घडवून बाहेर जायचं. वर्गाबाहेर काढणं हे त्याला बक्षीसच. वाचन तपासा. अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर तपासणीला पाठवा.

*भीती.* कुणी मागून आलं, मोठा आवाज झाला, अंगाला हात लागला की आधी मारतो. घरी मार खाणाऱ्या किंवा आधी स्वतः छळ सोसलेल्या मुलात हे दिसतं. ही मुलं एकीकडे सोसतात, दुसरीकडे देतात, आणि सगळ्यात अवघड स्थिती त्यांचीच असते. त्यांच्याबाबत अचानक ओरडणं, मानगूट धरणं, कोपऱ्यात घेणं पूर्ण बंद.

*नक्कल.* घरी, गल्लीत, मोबाइलवर जे बघतो तेच.

"तुझ्या घरी काय चालतं?" अशी उलटतपासणी वर्गशिक्षकानं घेऊ नये. मूल आपणहून बोललं तर ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. हजेरीपट बरंच सांगतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षकाढणीच्या हंगामात आईबाप पहाटेपासून बागेत असतात. जानेवारी ते मार्चमध्येच वागणं बिघडत असेल तर मूल घरी कुणाच्या भरवशावर आहे हे बघा. घरी मारहाण होत असल्याची चिन्हं दिसली तर १०९८ किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

७. एका पानाची योजना

योजना एका पानावर मावली पाहिजे, नाहीतर कुणी वाचत नाही. त्यात हे हवं:

- थांबायला हवं असं एकच वागणं, साध्या शब्दांत. 'चांगलं वागणे' नको. 'दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणे' हवं.
- सकाळी पाच मिनिटं आणि सुटताना पाच मिनिटं एका ठरलेल्या शिक्षकाची भेट. रोज. तो शिक्षक रजेवर असेल तर कोण, तेही लिहा.
- एक कार्ड: तीन अपेक्षा, प्रत्येक तासाला ०, १ किंवा २ गुण. ८० टक्के गुण हे रोजचं लक्ष्य. पहिल्या आठवड्यात ६० ठेवलं तरी चालेल, नाहीतर मूल बुधवारीच सोडून देतं.
- मधली सुट्टी मोकळी नाही, बांधलेली: ठरलेली जागा, ठरलेलं काम, ठरलेलं मोठं माणूस. ही शिक्षा म्हणून सांगू नका. 'तुला अजून जमत नाही तोवर मी सोबत आहे' असं सांगा आणि तसंच वागा.
- आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं सराव: राग आला की काय करायचं, गटात शिरताना काय बोलायचं. उपदेश नको, प्रत्यक्ष करून बघायचं.
- भरपाई. डबा सांडला तर डबा. फाडलेली वही स्वतः उतरवून देणं. अफवा पसरवली असेल तर ज्यांना सांगितली त्यांच्यापाशी जाऊन दुरुस्त करणं.

उठाबशा, प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करणं, पाटी गळ्यात घालणं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं हे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं बंद केलेलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे: दुपारी झालेला अपमान संध्याकाळी व्हॅनमध्ये व्याजासकट वसूल होतो, आणि तो सोसणाऱ्याकडूनच.

८. 'हात मिळवा' ही घाई करू नका

दोघांना समोरासमोर बसवून 'सॉरी म्हण, हात मिळवा, आता दोस्त' हा आपल्या शाळांचा आवडता कार्यक्रम. बरोबरीच्या भांडणात तो चालतो. छळात सोसणाऱ्यावर त्याचं दडपण येतं. मोठ्यांसमोर 'माफ केलं' म्हणायला लागतं, आणि पुढची तक्रार केली की 'अरे, मिटलं होतं ना?' असं ऐकावं लागतं.

समेटाची बैठक हवी असेल तर आधी चार अटी तपासा. त्रास किमान तीन आठवडे थांबलेला आहे. करणाऱ्यानं काय केलं ते खाजगीत स्वतःच्या तोंडानं मान्य केलंय. सोसणाऱ्याला बैठक हवी आहे आणि 'नको' म्हटलं तरी काही बिघडत नाही हे त्याला पटलंय. दोघांशी वेगवेगळी किमान दोनदा तयारी झाली आहे. एकही अट कमी पडली तर बैठक नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांच्या पद्धतीतही आधी प्रत्येकाशी एकट्यानं बोलणं येतं, गट नंतर. आपल्याकडे तो आधीचा भागच गाळला जातो.

९. पालकांशी बोलणी

दोन्ही घरच्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. बाकावर शेजारी बसून वाट बघायला लावलं तर भांडण फाटकाबाहेर होतं. एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्या आईवडिलांना सकाळी ११ ला बोलावून 'पालक सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारू नका. पाळी विचारून वेळ द्या.

त्रास देणाऱ्याच्या घरी सांगताना नोंदवहीतली वाक्यं वाचून दाखवा, विशेषणं लावू नका. निघण्याआधी स्पष्ट सांगा: "यावरून घरी मारू नका, त्यानं शाळेत त्रास वाढतो." सोसणाऱ्याच्या पालकांना दुसऱ्या मुलाची योजना दाखवायची नाही, मात्र त्यांच्या मुलासाठी काय केलंय ते लेखी द्या, पुढच्या भेटीच्या तारखेसह.

१०. तरीही थांबलं नाही तर

७, २१ आणि ४२ व्या दिवशी आढावा घ्या. पहिला प्रश्न मुलाबद्दल नसतो, मोठ्यांबद्दल असतो: ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या? जिन्यावर कोण उभं होतं, खरंच होतं का? बहुतेक योजना इथेच गळतात. दहापैकी चार भेटी झाल्या असतील तर योजना फसली असं म्हणता येत नाही. ती सुरूच झालेली नाही.

अंमलबजावणी नीट होऊनही त्रास चालू असेल तर देखरेख वाढवा, शिक्षेचा आकार नाही. गटातल्या मुलांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाका, येण्याजाण्याच्या वेळा दहा मिनिटांनी बदला, जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा आणि चिठ्ठीत निदान न लिहिता निरीक्षणं लिहा. तात्पुरतं घरी ठेवायची वेळ सोसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी येऊ शकते. तेव्हा दिवस मोजून ठरवा, अभ्यास घरी पोचवा, आणि परत येण्याच्या सकाळी कोण फाटकावर घेईल हे आधीच लिहा. नुसतं घरी पाठवून वागणं सुधारत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटानं २००८ मध्ये 'शून्य सहनशीलता' धोरणांचा आढावा घेतला, त्यांनाही त्यामुळे शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडला नाही.

आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे. 'तुम्हीच दाखला मागितला असा अर्ज द्या' हा आडमार्ग सुचवू नका. पालकांनो, असा अर्ज मागितला तर सही करू नका. गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी जा आणि पोच घ्या.

११. फाईल कधी बंद करायची

तक्रार येत नाही म्हणून नव्हे. तक्रार करून थकलेलं मूलही गप्प होतं. सहा आठवडे एकही घटना नोंदली गेली नसेल, हजेरी पूर्ववत असेल, आणि सोसणाऱ्या मुलानं निवडलेल्या माणसाला "मधल्या सुट्टीत आता कुठे असतोस?" याचं उत्तर 'वर्गातच' किंवा 'ग्रंथालयात' असं न येता मैदान, मित्रांची नावं असं येत असेल, तर योजना हळूहळू सैल करा. आधी कार्ड, मग सकाळची भेट, सुटतानाची भेट सगळ्यात शेवटी.

जूनमध्ये तुकड्या नव्यानं पडतात आणि वर्गशिक्षक बदलतात. नव्या शिक्षकाला तोंडी 'जरा लक्ष ठेवा' न म्हणता एका पानाची योजना आणि त्या दोघांना एका तुकडीत टाकू नये ही सूचना, दोन्ही तुकड्या पाडायच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच, मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीनिशी ठेवा.